हॅलोविनला दारात येणाऱ्या पोरांना टॉफीऐवजी काय द्यायचं

गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, रात्री साडेनऊला माझा मुलगा आमच्या मल्टीचे, म्हणजे बहुमजली इमारतीचे, सगळे मजले खाऊ मागत फिरून घरी आला, अंगावर जुन्या चादरीचं भूत, हातात दप्तराएवढी पिशवी, आणि आल्या आल्या त्याने हॉलमधल्या चटईवर ती पिशवी उलटी केली. आम्ही दोघांनी बसून मोजलं. ३८ टॉफ्या आणि गोळ्या, १० छोटी चॉकलेटं, बाकी काहीच नाही. एका गोळीचं वजन साधारण ४ ग्रॅम आणि ती जवळजवळ सगळी साखरच असते, चॉकलेटात निम्म्याच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या घरात गेलं. मी ओट्यावरचा वजनकाटा ओढला आणि तेवढी साखर खरंच मोजून त्याच्यासमोर ठेवली, आमटीची वाटी शिगोशीग भरली आणि वर बशीत सांडली. तो बघतच राहिला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली सांगितलंय की २ ते १८ वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी मिळावी, म्हणजे साधारण सहा चमचे, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तर वरची साखर मुळीच नको. म्हणजे त्या पिशवीत आठ दिवसांचा कोटा होता, आणि तो रोजच्या दुधातली, बिस्किटातली साखर न धरता. त्यात आपल्याकडे हॅलोविन पडतं ऐन फराळाच्या आगेमागे, २०२४ ला तर आमच्या इंदूरमध्ये पुष्कळ घरी लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आलं होतं.

आता आधीच सांगते, मी हॅलोविनच्या विरोधात अजिबात नाहीये. आमच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी लिहितंच की हे आपलं नाही, कशाला हवंय. पण माझं माहेर ग्वाल्हेरचं, लश्करमधलं, आणि लहानपणी दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या दारात मुलं टेसू घेऊन यायची. तीन काड्यांवर मातीचं मुंडकं बसवलेला तो टेसू, मध्ये पणती, आणि मुलींकडे झांझी, म्हणजे भोकं पाडलेलं मातीचं मडकं आणि आत दिवा, अंधारात त्या भोकांतून उजेड भिंतीवर नाचायचा. गाणं म्हणून दारात अडून बसायचं, टेसूला दहीवडा हवाय असं गाण्यातूनच मागायचं, आणि काही मिळाल्याशिवाय हलायचं नाही. माझी आजी सुपातून गहू द्यायची, वर एखादा लाडू, कधी चार आणे. तर भोपळ्यात दिवा लावून दारोदार मागायला येणारी पोरं मला कधी परकी वाटलीच नाहीत, मला फक्त त्या पिशवीत काय पडतं ते बदलायचं होतं.

आणि तिकडेसुद्धा हे आधीपासून टॉफीचं नव्हतं हो. इंग्लंडात पूर्वी मृतात्म्यांच्या दिवसांत मुलं आणि गरीब लोक दारोदार जाऊन प्रार्थनेच्या बदल्यात छोटे केक घ्यायची, अमेरिकेत सुरवातीच्या काळात पोरांच्या पिशव्यांत अक्रोड-शेंगदाणे, फळं, घरची बिस्किटं, सुटे पैसे असलं काय काय पडायचं, दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं तेव्हा तर गोडाची चणचणच होती, आणि पाकीटबंद कँडीचं राज्य आलं ते त्याच्यानंतर. १९५० पासून तिकडची काही मुलं खाऊबरोबर युनिसेफसाठी डब्यात सुटे पैसे गोळा करायला लागली, तीही पद्धत टिकली. सांगायचं काय, की दारात आलेल्या मुलाला कँडीच द्यायला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाहीये.

पण टॉफी नाही दिली तर मुलं हिरमुसतील ना? हा प्रश्न मला सगळ्या आयांनी विचारला. याच्यावर एक छान प्रयोग झालाय. अमेरिकेत कनेटिकटमध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हॅलोविनच्या रात्री सात घरांत दोन थाळ्या ठेवल्या, एकीत कँडी आणि दुसरीत साधी छोटी खेळणी, आणि येणाऱ्या मुलांना म्हणाले यातलं एक काहीही उचल. ३ ते १४ वर्षांची २८४ मुलं आली आणि जवळजवळ निम्म्यांनी खेळणं उचललं, त्यात मुलगा-मुलगी असाही फरक दिसला नाही. २००३ मध्ये हे छापून आलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण मला आतून तेच वाटत होतं, की पोरं येतात ती दार उघडण्यासाठी, कोणी तरी आपल्याला बघून घाबरल्याचं नाटक करावं म्हणून, हातात काहीतरी पडावं म्हणून. ते काहीतरी टॉफीच असायला पाहिजे हा हट्ट बहुतेक वेळा आपला मोठ्यांचा असतो, कारण बरणी विकत आणली की काम संपतं.

तर आता कामाचं. पहिलं काम आठवडाभर आधी, मुलं किती येणार ते मोजा आणि वयं विचारा. ग्रुपवर एक साधा मेसेज टाका की ३१ ला कोणाकोणाची मुलं फिरणार आहेत, वय काय, कोणाला कशाची ॲलर्जी आहे का. आमच्याकडे ४१ नावं आली, त्यात चार वर्षांच्या आतली सात. ही सात वेगळी काढणं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते मी ठेच लागल्यावर शिकले. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना भाजलेले फुटाणे-शेंगदाणे दिले होते, आणि एक अडीच वर्षांची चिमुरडी जिन्यातच ते खात खात पळाली आणि तिला ठसका लागला, जोरात. तिच्या बाबांनी तिला पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा दाणा बाहेर आला. पाच-सात सेकंदांचंच असेल पण माझे हातपाय अजून थंड पडतात आठवलं की. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या हे सगळं चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या श्वासनळीत अडकू शकतं, आणि धावता-हसताना जास्तच. म्हणून आता माझ्याकडे दोन टोपल्या असतात, छोट्यांची आणि मोठ्यांची, आणि छोट्यांच्या टोपलीत अख्खा दाणा कुठलाच नाही.

खायच्या वस्तूंत माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे उकडलेले शिंगाडे. खरंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे ठेल्यांवर ढीग लागलेले असतात आणि आपल्याला सुचतच नाही. उकडल्यावर ते काळेकुट्ट होतात, दोन्ही बाजूंनी शिंगं, मध्ये चपटा चेहरा, म्हणजे हॅलोविनसाठी याच्यापेक्षा भारी राक्षसाचं मुंडकं कोणी बनवून देणार नाही. गेल्या वर्षी आमच्या कामाच्या मावशींच्या नातवाने पहिला शिंगाडा हातात घेतला, उलटा केला, सरळ केला, कपाळाला लावून बघितला आणि मग दाताने शिंग तोडून आतला पांढरा गर काढला, त्याचं ते सोलणं बघायला बाकीची मुलं गोळा झाली. टॉफी सोलताना कोणी गोळा होत नाही.

कसे करायचे ते सांगते. किलोभर सालासकट शिंगाडे घ्या, साधारण पन्नासच्या आसपास भरतात, बघून घ्या की जड आणि टणक आहेत, हातात हलके लागले तर आत सुकलेले असतात. तळ्यातलं पीक आहे त्यामुळे दोन-तीन पाण्यांनी चिखल जाईपर्यंत चोळून धुवायचे, आणि कच्चे मुलांना अजिबात द्यायचे नाहीत. शिंगांची टोकं टोचतात, ती कात्रीने अगदी थोडी उडवा, सगळं शिंग नका कापू नाहीतर मजा गेली. कुकरमध्ये बुडतील इतकं पाणी, एक चमचा मीठ, तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जाऊ द्या. पाणी काढून चाळणीत निथळत ठेवा आणि एका बाजूने सालाला सुरीने अर्धी चीर देऊन ठेवा म्हणजे मुलांना सोलता येतात. संध्याकाळी चारला उकडले तर सातपर्यंत छान राहतात, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, चिकट होतात आणि वास येतो. एका मुलाला दोन पुरतात. छोट्यांना द्यायचा असेल तर घरी नेऊन आईने सोलून बारीक कुस्करून द्यावा, तसं तोंडी सांगा.

दुसरं म्हणजे परमलच्या पुड्या. आपल्या इंदूरला चुरमुऱ्यांना परमल म्हणतात, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगितलं. पाव किलो परमल मोठ्या कढईत मंद आचेवर कोरडे भाजा, चार-पाच मिनिटं, बोटांनी दाबल्यावर कुरकुरीत तुटला पाहिजे, मग ते ताटात काढा. त्याच कढईत दोन चमचे तेल, मोहरी, भरपूर कढीपत्ता, तो कुरकुरीत झाला की हळद, अर्धा चमचा मीठ, दीडशे ग्रॅम सालासकट फुटाणे आणि शंभर ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, मग परमल परत घालून हलवा. अर्धा किलो होतं, वीस-वीस ग्रॅमच्या पंचवीस पुड्या होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर वाफेने मऊ पडतात. आणि पुडी वर्तमानपत्राची नको, छपाईच्या शाईतलं नको ते खाण्यात उतरतं, एफएसएसएआय ही आपली सरकारी अन्नसुरक्षा संस्था पण हेच सांगते. पांढरा बटर पेपर घ्या, शंकू करा, वरचं तोंड दोऱ्याने बांधा आणि बाहेरच्या बाजूला काळ्या स्केचपेनने दोन डोळे आणि एक वासलेलं तोंड. झालं भूत. हे डोळे काढायचं काम घरातल्या मुलांना द्या, माझ्या मुलाने चाळीस भुतं काढली आणि एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. पुडीवर एक चिठ्ठी मात्र नक्की चिकटवा, फ्लॅट नंबर आणि आत काय काय आहे ते, शेंगदाणे आहेत हे मोठ्या अक्षरात. कोणाच्या मुलाला चालत नसेल तर आईला कळायला हवं ना.

इथे मला बऱ्याच जणी म्हणाल्या की मग सेव-परमलच दे ना, इंदूर आहे, सेव नाही म्हणजे काय. मला सेव खूप आवडते, पण साखर काढून तिथे तळलेलं आणि खारट घातलं तर आपण काय मिळवलं? चवीला मूठभर घालायची असेल तर घाला, नमकीनचं पाकीट तसंच द्यायचं असेल तर मग टॉफीच द्या, निदान छोटी असते.

फळांचं पण सांगते. फळ कापून द्यायचं नाही, हा नियम. मी पहिल्या वर्षी सफरचंदाच्या फोडी कपात भरून ठेवल्या होत्या, कापलेल्या फोडीला हवा लागली की ती तपकिरी पडते, लिंबू लावलं तरी थोडा वेळच थांबते, आठ वाजता त्या कपांकडे कोणी बघेना आणि मलाच द्यावंसं वाटेना. साल ज्याची आपण काढून टाकतो असं फळ घ्या. संत्र्यावर काळ्या स्केचपेनने त्रिकोणी डोळे आणि फाटकं तोंड काढलं की तो छोटा भोपळाच दिसतो. ऑक्टोबरच्या शेवटी संत्री थोडी हिरवट आणि आंबट असतात, दुकानदाराला एक सोलून चाखवायला सांगा, नाहीच गोड मिळाली तर छोट्या वेलची केळ्यांवर डोळे काढा, अर्ध्या मिनिटात केळ्याचं भूत होतं. चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केळ्यासारखं दुसरं काही नाही, मऊ, स्वच्छ, वेष्टन निसर्गानेच दिलेलं. पेरू, म्हणजे आपले जाम, मोठ्या मुलांना चालतात, तिखट-मिठाची छोटी पुडी बरोबर दिली की पाचवी-सहावीची मुलं टॉफी विसरतात हे मी स्वतः बघितलंय.

गोड द्यायचंच असेल तर खजुराच्या छोट्या गोळ्या. अर्धा किलो बिनबियांचा मऊ खजूर, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट, पन्नास ग्रॅम भाजलेले तीळ, पन्नास ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं. खजूर चमचाभर तुपात दोन-तीन मिनिटं परतून चेचा, बाकी सगळं घालून मळा, पंधरा ग्रॅमच्या म्हणजे बोराएवढ्या पंचेचाळीस गोळ्या होतात. पण याला औषध समजू नका. खजुरात सुद्धा साखर भरपूर असते आणि तो दाताला चिकटतो, आणि गूळ घातला म्हणजे हेल्दी झालं हे तर मी इतक्यांदा ऐकते की मला आता स्पष्टच सांगावंसं वाटतं, गूळ पण साखरच आहे, त्यात थोडे खनिजांचे अंश असतात एवढंच. फरक पडतो तो प्रमाणाने. राजगिऱ्याची एक छोटी वडी चालते, चिक्कीचं अख्खं पाकीट नाही. एका मुलाला एक गोळी, बस.

मोठ्या टाउनशिपमध्ये राहत असाल जिथे कोण कुठल्या ब्लॉकमधून आलंय माहीत नसतं, तिथे घरचं उघडं खाणं आईवडील फेकून देतात आणि त्यांचं बरोबरच आहे. तिथे पाकीटबंद घ्या, इंदूरच्या सियागंज बाजारात होलसेलमध्ये मखाण्याची, फुटाण्याची छोटी पाकिटं बघा, पण मागची बाजू वाचून. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, पहिल्या दोन-तीनात साखर, ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज यातलं काही असेल तर ते पाकीट पुढून कितीही हिरवं आणि पानाफुलांचं असो, टॉफीचाच भाऊ आहे. ज्यूसचे छोटे डबे पण याच घरातले.

आता न खायच्या वस्तू, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय हाच आहे. आमच्या मल्टीत एक मुलगी आहे, टाइप वन डायबिटीसची. ती दरवर्षी चेटकीण होऊन सगळ्यांबरोबर फिरायची आणि घरी गेल्यावर जवळजवळ सगळं भावाला देऊन टाकायची, आणि आम्हा कोणालाच हे माहीत नव्हतं, तिच्या आईने एकदा सहज सांगितलं तेव्हा कळलं. हे सहज सांगितलेलं मला रात्रभर टोचत राहिलं. अमेरिकेत याच्यासाठी एक छान पद्धत आहे, ज्या घरी खाण्याव्यतिरिक्त वस्तू पण मिळतात ते लोक दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात, म्हणजे ॲलर्जीवाल्या किंवा पथ्यावरच्या मुलांना लांबूनच कळतं की इथे माझ्यासाठी काहीतरी आहे. ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर नावाच्या संस्थेने २०१४ मध्ये ही मोहीम देशभर नेली. खरा भोपळा रंगवायची गरज नाही, कार्डपेपरचा कापून दारावर लावला तरी चालतो, फक्त त्याचा अर्थ ग्रुपवर आधी सांगून ठेवा.

द्यायचं काय तर माझी पहिली पसंती पणतीला. कुंभाराकडून साध्या मातीच्या पणत्या आणा, एक दिवस पाण्यात बुडवून वाळवा म्हणजे तेल कमी पितात, आणि प्रत्येक मुलाला एक कोरी पणती द्या, दारातच एका स्टुलावर पोस्टर कलरच्या दोन बाटल्या, काळी आणि पांढरी, आणि चार ब्रश. ज्याला हवं त्याने तिथेच बसून भुताचा चेहरा रंगवावा. दिवाळी यायची असेल तर दिवाळीत लागते, होऊन गेली असेल तर त्रिपुरी पौर्णिमा असतेच पुढे. ती चेटकीण गेल्या वर्षी आमच्या दारात वीस मिनिटं बसली होती, जीभ किंचित बाहेर काढून एवढ्याशा पणतीला पापण्या काढत, मैत्रिणी पुढच्या मजल्यावर निघून गेल्या तरी उठली नाही.

बाकी इंदूरच्या राणीपुरा बाजारात जाल तर स्टिकर, पाण्याने लावायचे टॅटू, रंगीत खडू, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, उड्या मारायची दोरी, चित्रांच्या छोट्या वह्या, डझनाच्या भावात सगळं मिळतं आणि एका मुलामागे दहा-बारा रुपयांत होतं. मेथीचे किंवा धण्याचे दाणे आणि एक कागदी कप दिला तर तेही आवडतं, चार दिवसांत मेथी वर येते, कपावर चेहरा काढला की भुताला हिरवे केस फुटतात. पण तीन गोष्टी घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. बटण सेल घातलेली लुकलुकणारी अंगठी किंवा दिवा नको, तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते, हा खूप गंभीर प्रकार आहे. पाण्यात फुगणारे रंगीत मणी नकोत, ते पोटात जाऊन फुगतात. आणि न फुगवलेले फुगे छोट्यांच्या हातात नकोत. खेळणं घेताना आयएसआयचा मार्क बघा, खेळण्यांवर तो २०२१ पासून बंधनकारक आहे.

दारात काय करायचं हे पण सांगते कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. वस्तू हातात देऊन दार लावलं तर मुलं शिंगाडा बघून खरंच नाक मुरडतील. आपल्याकडे भोंडल्याला काय करतात आठवा, खिरापत झाकून आणायची, डबा वाजवून दाखवायचा आणि पोरींनी ओळखायची, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, आणि ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मी तेच करते. टोपलीवर काळं फडकं, आत डबे, आणि विचारते की दोन शिंगं आहेत पण बैल नाही, पाण्यात राहतो पण मासा नाही, सांगा कोण? तीन अंदाज. मुलं ओरडतात, एकमेकांना ढकलतात, कोणी मगर म्हणतं, आणि झाकण उघडलं की तो शिंगाडा जिंकलेला असतो, दिलेला नसतो. परमलची पुडी कानाजवळ हलवून ओळखायला लावते. एका टोळीला पाच मिनिटं लागतात, एवढा वेळ हाताशी ठेवा, आणि बारा-तेरा वर्षांची जी मुलं आता आम्ही मोठे झालो म्हणून कोपऱ्यात उभी राहतात ना, त्यांच्याकडे टोपली द्या, त्यांनी कोडी घालावीत. एक गोष्ट कटाक्षाने टाळा, दारात उभं राहून साखर वाईट असते वगैरे ऐकवू नका. ते मूल तुमच्या घरी भूत होऊन आलंय.

आणि बाकीच्या घरांतून टॉफ्या येणारच, त्याचं काय? हिसकावून घेऊ नका, मी घेतल्या होत्या एकदा आणि मग उशीखाली, कंपासपेटीत, बुटात कागद सापडत राहिले. दातांच्या बाबतीत किती खाल्लं याच्याइतकंच कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं आहे, कारण गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो, दर तासाला एक गोळी चघळली तर दाताला दिवसभर सुट्टीच नाही. म्हणून आमच्याकडे ठरलंय, आवडीच्या दहा निवडायच्या, डब्यात ठेवायच्या, रोज जेवणानंतर लगेच एक, वर पाण्याची चूळ, रात्री ब्रश. चिकट आणि चघळायच्या ज्या तोंडात खूप वेळ राहतात त्या पहिल्यांदा बाद. उरलेल्या तो स्वतःच बाजूला काढतो.

रात्री कचऱ्याचं पण बघा, २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या शहरात जिन्याभर टॉफीचे चकचकीत कागद आणि त्यांना लागलेल्या लाल मुंग्या हे मला फार वाईट दिसतं. प्रत्येक मजल्यावर दोन खोके ठेवा, सालं ओल्यात, कागद सुक्यात, सकाळी गाडी आली की सरळ देता येतं.

राहिला भोपळा. तो कोरला असेल तर कोरतानाच आतला गर आणि बिया वेगळ्या काढा, मेणबत्ती लावलेला भोपळा मग खाण्यात घेऊ नका. गर किसून गुळात शिजवला की दुसऱ्या दिवशी घारगे होतात, त्यात कणकेबरोबर थोडं तांदळाचं पीठ घाला म्हणजे खुसखुशीत होतात. बियांना चिकटलेले धागे पाण्यात चोळून काढायचे, फडक्यावर पसरून पंख्याखाली एक रात्र आणि मग एक दिवस उन्हात, वाळल्या की लोखंडी तव्यावर चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर, तडतडायला लागल्या की दोन मिनिटांनी उतरवा. सालं दातांनी फोडून आतली हिरवी बी खायची, आमच्याकडे ताटलीभर बिया शनिवारच्या क्रिकेट मॅचला संपल्या.